एका शितावर गाडी घेऊ नये

आमच्या कर्जत तालुक्यात भाताचं कौतुक दोन तऱ्हांनी होतं. एक ताटात आणि दुसरं कागदावर. इथल्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या भाताच्या जातींना ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशी सरळ गावाचीच नावं दिलेली आहेत. त्यामुळे दहिवलीत राहणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आली, तर त्यात नवल नाही. माझ्या मेहुण्याने जुनी गाडी बघायला जाताना मला हीच म्हण ऐकवली. “भावोजी, इंजिनाचा आवाज ऐकला की झालं. शितावरून भात कळतो.”

ही म्हण भाताच्या बाबतीत का खरी ठरते, हे आधी नीट पाहिलं पाहिजे. पातेल्यातली सगळी शितं एकाच पोत्यातली असतात, एकाच पाण्यात पडतात, त्यांना एकच आच लागते आणि ती सारखाच वेळ शिजतात. म्हणून एक शीत चिमटीत धरून दाबलं की ते बाकी सगळ्यांच्या वतीने बोलतं. त्याला तसा अधिकार असतो. आता जुन्या गाडीकडे या. तिचे टायर तीन वर्षांपूर्वी बदललेले, बॅटरी गेल्या दिवाळीतली, पुढचा बंपर कधीतरी रंगवलेला, सीटकव्हरं परवा घातलेली, इंजिन मूळचं. या पातेल्यातलं प्रत्येक शीत वेगळ्या दिवशी, वेगळ्या चुलीवर शिजलेलं आहे. आणि पातेलं समोर ठेवणाऱ्याला ठाऊक आहे की तुम्ही वरचंच शीत उचलणार. ते त्याने मऊ करून ठेवलेलं असतं.

मग जुनी गाडी पारखायची कशी? माझं म्हणणं एवढंच आहे, की ‘हा भाग चांगला आहे का’ असं विचारत बसू नये. ‘हा भाग त्या भागाशी जुळतो का’ असं विचारावं. मीमांसकांनी आपल्याला एक सुंदर शब्द दिला आहे, एकवाक्यता. वेगवेगळी विधानं मिळून एकच अर्थ सांगत असतील, तर त्यांची एकवाक्यता झाली. गाडीचा प्रत्येक भाग तिच्या आयुष्याबद्दल काहीतरी सांगतो. मीटर एक सांगतं, ब्रेकच्या पेडलवरचं रबर दुसरं, टायर तिसरं, विम्याचा कागद चौथं. यांतलं एकटं कुणीही विश्वासाचं नाही. पण सगळ्यांना एकच खोटं पढवणं फार कठीण असतं.

मीटरचंच घ्या. २०१६ ची एक पेट्रोल गाडी आहे, मीटरवर ३१ हजार किलोमीटर आहेत. ऐकायला गोड आकडा. आता खाली बसा आणि टायरच्या कुशीवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. समजा तिथे १६२० आहे. म्हणजे २०२० सालच्या सोळाव्या आठवड्यात, एप्रिलमध्ये बनलेला टायर. चारही टायरवर जवळपास तोच शिक्का. म्हणजे ही गाडी चार वर्षांची असताना तिचे चारही टायर बदलले. साधारण वापरात टायरचा एक संच ४०-५० हजार किलोमीटर सहज काढतो. मग आजवर जिचे एकूण ३१ हजारच झाले, तिचे पहिले टायर चार वर्षांत कसे संपले? टायर खोटं बोलतोय की मीटर? टायरला खोटं बोलायचं कारण नाही.

अजून थोडं थांबा. पेडलचं रबर बघा, क्लचचं विशेष. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट झालेत का, स्टिअरिंगवर जिथे उजवा अंगठा टेकतो तिथे तुकतुकी आली आहे का, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसली आहे का. माणूस गाडीत चढताना दर वेळी त्याच कडेवरून घसरतो, आणि ३१ हजारांत तिथला फोम असा पिचत नाही. गंमत म्हणजे कोरं करकरीत असणं हीसुद्धा साक्षच असते. आठ-नऊ वर्षांच्या गाडीला नवंकोरं पेडल-रबर दिसलं, तर आनंद मानू नये. जुनं का काढावं लागलं, हे विचारावं. मीटर मागे घेणारे कारागीर आता स्क्रीनवरचे आकडे हवे तसे बसवून देतात, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या संगणकात त्या त्या तारखेचं रीडिंग पडून असतं. मालकाला सोबत घेऊन तिथे गेलात, तर दहा मिनिटांत इतिहास हाती येतो. मालक यायला कां-कूं करत असेल, तर तोही इतिहासच.

इथे आमच्या गावाची एक वेगळीच गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मीटर खरं असूनही गाडी फसवी निघते ती इथे. कर्जतहून मुंबई रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर. इथला नोकरदार पहाटेच्या लोकलने जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. त्याची गाडी दहिवलीतून स्टेशनपर्यंत जाते, दिवसभर उन्हापावसात उभी राहते आणि रात्री तेवढंच अंतर परत येते. अशा गाडीचं मीटर सहा वर्षांत २० हजारही गाठत नाही, आणि ते खरं असतं. विकणारा अभिमानाने सांगतो, “काका, फक्त घर ते स्टेशन!” तो हे गुण म्हणून सांगतो. खरं तर तो दुखणं सांगत असतो. दोन किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं तापतच नाही. तेलात उतरलेला ओलावा उडून जात नाही, सायलेन्सर आतून गंजतो, बॅटरी स्टार्टला जेवढी खर्च होते तेवढी परत भरत नाही. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल, तर आणखी पंचाईत. तिच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जाळून साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावरची सलग धाव लागते, आणि घर ते स्टेशनमध्ये ती कधीच मिळत नाही. गाळणी तुंबते, आणि ती बदलायचा खर्च ऐकला की माणूस पुन्हा लोकलचा पास काढतो.

फार्महाऊसवरच्या गाड्यांचंही तेच. शनिवार-रविवारपुरती जाग, एरवी आंब्याखाली मुक्काम. त्यांच्या वायरी उंदरांनी चाखलेल्या असतात, एकाच जागी उभं राहून टायर चपटलेले असतात. उलट रोज चौकमार्गे हायवेला लागून पुण्याला ये-जा केलेली ९० हजारांची गाडी अंतर्बाह्य सुदृढ निघू शकते. म्हणून कमी किलोमीटर हे एकटं शीत काहीच सांगत नाही. ते किलोमीटर कसे झाले याची गोष्ट लागते, आणि त्या गोष्टीशी गाडीचं अंग जुळावं लागतं. घर ते स्टेशन फिरलेल्या गाडीच्या तेलाचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पांढरट थर दिसला, तर तो तिच्या आयुष्याशी जुळतो. ओलावा साठलाय, तेल बदला, जरा लांब फिरवा. तोच थर रोज पुण्याला जाणाऱ्या गाडीत दिसला, तर तो जुळत नाही. तिथे रेडिएटरचं पाणी तेलात मिसळत असण्याची, म्हणजे हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. खूण एकच. पण एकीकडे ती किरकोळ आणि दुसरीकडे इंजिन उघडायला लावणारी.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी ऐन चैत्रात मी एक गाडी घेतली होती. इंजिन घड्याळासारखं, रंग आरशासारखा, आत अत्तराचा घमघमाट. विकणारा गोड माणूस होता. आषाढ लागला तशी गाडी बिघडायला लागली. इंडिकेटर दिला की वायपर हलायचे, काचा अर्ध्यावर अडायच्या, रेडिओ आपोआप सुरू व्हायचा. मी वायरमनकडे खेटे घातले. एका दुपारी मुलीला मागच्या सीटवर बसवताना सीटबेल्ट अडकला म्हणून मी तो पार शेवटपर्यंत ओढला, आणि जो पट्टा एरवी कधीच बाहेर येत नाही त्यावर वीतभर उंचीला मातीची एक सरळ रेषा दिसली. गाडी पुरात बुडालेली होती. सीट धुतल्या होत्या, गालिचे बदलले होते, पण गुंडाळीतला पट्टा कुणी धुतला नव्हता. मग मी एखाद्या तपासनिसासारखा कामाला लागलो. स्टेपनीच्या खळग्यात कोपऱ्यात वाळलेला गाळ, सीटच्या खालच्या रुळांवर गंज, डॅशबोर्डखाली वायरींच्या जोडावर हिरवट बुरा. सगळे केव्हापासून बोलत होते, मीच फक्त इंजिनाचं ऐकत बसलो होतो.

त्यातही लाज अशी, की मी उल्हास नदीच्या काठी राहणारा. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पाण्यात बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. जिथे अख्खी आगगाडी अडकते, तिथे आवारात उभ्या असलेल्या गाड्यांची काय कथा? पूर ओसरला की त्या कुठे जातात, याचा विचार मी कधी केला नव्हता. त्या धुतल्या जातात, सुकवल्या जातात आणि कोरड्या दिवसांत विकायला येतात. म्हणून आता मी कुणालाही सांगतो, की गाडी शक्यतो पावसाळ्यात बघा. श्रावणात गळणारी गाडी चैत्रात कितीही सुंदर दिसते.

ठोकलेली गाडी ओळखायची ती याच न्यायाने. बॉनेट उघडा आणि मडगार्डच्या बोल्टकडे बघा. कारखान्यात बोल्ट बसल्यावर त्याच्यावर रंग चढतो, आणि पाना लागला की डोक्याच्या कडा उडतात. डाव्या बाजूचे बोल्ट अक्षत आणि उजव्या बाजूचे टवके उडालेले, म्हणजे उजवीकडे काहीतरी घडलंय. मग उजव्या दाराची फट डाव्या दाराच्या फटीशी ताडून बघा. दाराच्या रबराची कड उचलून खालचे वेल्डिंगचे ठिपके बघा. कारखान्याचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधल्या वेल्डिंगला ती शिस्त नसते. काचांवर कोपऱ्यात बनवणाऱ्याचा शिक्का असतो. पाच काचा एका कंपनीच्या आणि एक निराळी, तर ती का बदलली हे विचारायचं. एक साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवलं, तर जिथे पुटी जाड भरली आहे तिथे त्याची पकड सुटते.

आता यातली प्रत्येक खूण म्हणजे लबाडी, असं समजणारा माणूस आयुष्यभर गाडी घेऊ शकणार नाही. खडीच्या ट्रकमागून जाताना काच कुणाचीही फुटते. पार्किंगमध्ये दार कुणाचंही चेपतं. विसंगती हा निकाल नसतो, तो प्रश्न असतो. उत्तर मिळालं आणि तेही बाकीच्यांशी जुळलं, की विसंगती मिटते. म्हणून माझी पद्धत अशी, की गाडीला हात लावण्याआधी मालकाची गोष्ट पुरती ऐकून घ्यायची. कोण चालवायचं, कुठे उभी असायची, कधी ठोकर लागली होती का, टायर कधी बदलले. काही न तपासता, मान हलवत ऐकायचं. मग गाडी बघायची. आधी गाडी बघून मग प्रश्न विचारले, तर समोरचा तुमच्या बोटाकडे बघून उत्तरं शिवतो.

मेहुण्यासोबत मी त्या दिवशी दोन गाड्या पाहिल्या. पहिली मोत्यासारखी. तिच्या मालकाने सांगितलं, “एक ओरखडा नाही, कधी क्लेम नाही.” आम्ही पोचलो तेव्हा बॉनेटला हात लावला, तर तो गरम. “आत्ताच जरा फिरवून आणली.” असेलही. पण थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं, निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, पांढरा आणि थांबतच नाही म्हणजे पाणी आत शिरतंय, ते आम्हाला ऐकू येणार नव्हतं. विम्याचा कागद मागितला. दावा न केल्याबद्दलची सवलत दरवर्षी चढत जाते, २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के. पाच वर्षं बिनदाव्याच्या माणसाला ५० टक्के हवी. याच्या कागदावर ती २० टक्के. म्हणजे दोनेक वर्षांपूर्वी दावा झालेला, किंवा पॉलिसी मधे तुटलेली. दोन्ही गोष्टी त्याच्या गोष्टीत नव्हत्या. गॅरेजवाल्या ओळखीच्या पोराने स्कॅनर लावला, तर एकही दोष दिसेना, पण गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसल्या. जुने दोष नुकतेच पुसले, की हे असं दिसतं. बॅटरीची वायर काढली तरी असंच होतं, हे खरं. मालक म्हणालाही तसंच. पण आतापर्यंत न जुळणाऱ्या गोष्टी तीन झाल्या होत्या.

दुसरी गाडी दिसायला दरिद्री. डावं दार चेपलेलं, पुढची काच बदललेली, मीटर ८७ हजार. मालकाने न विचारता दाराचा किस्सा सांगितला, काचेचं बिल काढून दिलं. काचेच्या शिक्क्यावरचं वर्ष बिलाच्या वर्षाशी जुळलं. सीएनजीच्या टाकीवर चाचणीची पाटी होती. ही दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, आणि तिची ताजी तारीख पाटीवर होती. आरसी बुकात पेट्रोलसोबत सीएनजीची नोंद होती. किट बाहेरून बसवून नोंद न करणारे पुष्कळ असतात, म्हणून मी ते मुद्दाम बघितलं. नेरळहून माथेरानच्या घाटात दस्तुरी नाक्याच्या दिशेने गाडी चढवली. त्या चढावर क्लच घसरत असेल, तर इंजिन ओरडतं आणि गाडी ढिम्म हलत नाही. ही चढली, थोडी धापा टाकत, ८७ हजारांच्या गाडीने टाकाव्यात तेवढ्याच.

जुन्या गाड्यांच्या बाजारावर अमेरिकेतल्या जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी नाकारल्यावर तो १९७० मध्ये छापून आला, आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. विकणाऱ्याला गाडीबद्दल ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. तो भाव परवडत नाही म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो, आणि मागे डबे तेवढे उरतात. दहिवलीत हा सिद्धान्त अर्धाच लागू पडतो. इथे गाडी गावातल्या गावात विकली गेली, तर ती कुणी घाटात तापवली आणि कुणाच्या लग्नात चिखलात रुतली, हे पानाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतं. पण बाहेरची गाडी आली की तिला शेजारी नसतात. दिल्लीत हरित लवादाच्या आदेशांनंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या मोहात पाडणाऱ्या भावाने इतर राज्यांत जाऊ लागल्या. अशा गाडीबद्दल टपरीवर विचारून उपयोग नाही. तिथे टायर, बोल्ट, पट्टा आणि कागद यांनाच शेजारी मानून त्यांच्याकडे चौकशी करावी लागते.

कागदांतही जुळणीच बघायची. चासिसवर कोरलेला सतरा अक्षरांचा क्रमांक आरसीशी अक्षरन् अक्षर ताडा. फोटोवरून ताडू नका, वाकून ताडा. ‘सिंगल हँड’ म्हणून सांगितलेल्या गाडीच्या नोंदीत मालकाचा अनुक्रम तीन निघाला, तर पुढे बोलायचं कारण नाही. कर्ज फिटलं म्हणतात, पण आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय, तर फॉर्म ३५ भरून तो उतरवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. डिसेंबरात बनलेली आणि फेब्रुवारीत नोंदलेली गाडी नव्या सालाची म्हणून विकतात. त्याला लबाडी म्हणत नाहीत, पण भाव करताना जुनं साल धरायला हरकत नाही.

मेहुण्याने चेपलेल्या दाराची गाडी घेतली. पैसे दिले, किल्ली घेतली आणि पेढे वाटले. मी त्याला म्हटलं, आता या गाडीतली सगळ्यात मोठी विसंगती तू आहेस. चालवणारा एक आणि कागदावर दुसराच. २००९ मधल्या एका अपघातात असंच झालं होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राहिली होती, पण नोंदीत नाव पहिल्याच मालकाचं राहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितलं की भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकाची. म्हणजे दार चेपलंय हे प्रामाणिकपणे सांगणारा तो भला माणूस घेणाऱ्याच्या आळसापायी कोर्टात उभा राहू शकतो. म्हणून गाडी नावावर करून घ्यायची, फॉर्म २९ आणि ३० भरून. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. दहिवलीकरांना त्यासाठी पनवेलचं आरटीओ लागतं.